शेळीने वही केव्हा खाल्ली?

एक छोटंसं कॉमिक डोळ्यांसमोर आणा. फक्त चार चौकटींचं.

पहिली चौकट : अंगणात बाज. बाजेवर गृहपाठाची वही. शेजारी बंडू पेन्सिलीला टोक काढतोय.

दुसरी चौकट : कुंपणावरून एक शेळी डोकावतेय. तिची नजर थेट वहीवर.

तिसरी चौकट : बंडूची पाठ. घराकडे पळता पळता तो ओरडतोय, “आलो गं आई!”

चौथी चौकट : बाज रिकामी. शेळीची दाढी हलतेय आणि तिच्या तोंडातून कागदाचा एक कोपरा बाहेर आलाय. त्यावर ‘गणि’ एवढीच अक्षरं दिसताहेत.

आता सांगा पाहू, शेळीने वही केव्हा खाल्ली?

चारही चौकटी पुन्हा नीट बघा. वही उचलताना ती कुठेच दिसत नाही! तरीही तुमची शंभर टक्के खात्री आहे की वही तिनेच खाल्ली. कारण तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मध्ये जी रिकामी पांढरी पट्टी असते ना, तिथे तुम्ही स्वतः शेळीला आत आणलंत आणि वही तिच्या तोंडात दिलीत. चित्रकाराने ते चित्र काढलंच नव्हतं. ते तुम्ही काढलंत, मनातल्या मनात.

कॉमिकवाले या पांढऱ्या पट्टीला ‘गटर’ म्हणतात. स्कॉट मॅक्लाउड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ हे पुस्तक काढलं. कॉमिक कसं चालतं हे त्याने कॉमिक काढूनच समजावलं! त्याचं म्हणणं असं, की कॉमिकची खरी गंमत चौकटींच्या मधल्या जागेत घडते आणि ती घडवतो वाचणारा.

आज आपण हेच शेळीचं कॉमिक कॉम्प्युटरवर तयार करू आणि छापूनही काढू. आणि त्यासाठी सॉफ्टवेअर वापरू ॲनिमेशनचं, म्हणजे कार्टून हलवायचं! हलणारी चित्रं करायचं साधन न हलणाऱ्या चित्रांसाठी कशाला? थांबा, कळेलच.

एका सेकंदात चोवीस

सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं येऊन जातात. प्रत्येक चित्राला म्हणतात ‘फ्रेम’. समजा आपली शेळी दोन सेकंद वही चघळते. मग अठ्ठेचाळीस फ्रेम झाल्या. ॲनिमेशनवाले बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम दाखवतात, तेव्हा चोवीस चित्रांत काम भागतं. तरी नुसत्या चघळण्याला चोवीस चित्रं!

आणि यातलं एकही चित्र हलत नाही बरं का. प्रत्येक चित्र जागच्या जागी गप्प उभं असतं. हालचाल दिसते ती आपल्या मेंदूमुळे. मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. जरा जरा अंतरावरच्या दोन रेघा त्याने लोकांना अगदी थोड्या वेळाने एकामागून एक दाखवल्या. लोक म्हणाले, एकच रेघ इकडून तिकडे सरकली! मधली वाट कुणी दाखवलीच नव्हती. ती मेंदूने आखली.

ओळखीचं वाटतंय ना? फ्रेम आणि फ्रेम यांच्या मधली जागा मेंदूने भरली. चौकट आणि चौकट यांच्या मधली जागाही मेंदूनेच भरली. फरक इतकाच, की ॲनिमेशनमधली फट सेकंदाच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी असते. कॉमिकमधली फट पाच मिनिटांची असू शकते, नाहीतर शंभर वर्षांचीही.

म्हणूनच या दोन कला पहिल्यापासून सख्ख्या आहेत. विन्सर मॅके हा अमेरिकेतला वर्तमानपत्रात कॉमिक काढणारा चित्रकार. झोपेत स्वप्नांच्या देशात जाणारा त्याचा छोटा नीमो १९०५ पासून वाचकांना भेटू लागला. मग मॅकेला वाटलं, याला हलवून पाहावं. १९११ साली त्याने सुमारे चार हजार चित्रं काढून नीमोला पडद्यावर आणलं. १९१४ साली त्याने गर्टी नावाची लाजरी, हट्टी डायनोसॉर आणली. तेव्हा प्रत्येक कागदावर गर्टीबरोबर मागचे डोंगर, दगड आणि तळंसुद्धा पुन्हा काढावं लागायचं. एका मदतनिसाने हजारो कागदांवर तेच डोंगर गिरवले! कागद तसूभरही सरकू नयेत म्हणून कोपऱ्यांत छोट्या फुल्या मारलेल्या असत. या फुल्या लक्षात ठेवा. छापखान्यात त्या आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

डोंगर एकदाच काढा

गर्टीच्याच सुमारास अर्ल हर्ड या अमेरिकन माणसाला एक युक्ती सुचली. हलणारं पात्र पारदर्शक पातळ तावावर काढायचं, मागचं दृश्य वेगळं ठेवायचं आणि ताव त्यावर अंथरायचा. डोंगर एकदाच काढला की झालं!

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हे ताव ‘लेअर’ म्हणजे थर होऊन बसले आहेत. आपण क्रिटा हे सॉफ्टवेअर घेऊ. ते फुकट मिळतं. ते मुळात चित्रं रंगवायचं, पण २०१६ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात ॲनिमेशनही करता येतं. त्याच वर्षी ओपनटूंझही सगळ्यांना फुकट मिळू लागलं. त्याचं मूळ म्हणजे टूंझ. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने ‘प्रिन्सेस मोनोनोके’पासून ते वापरलं.

आता आपलं अंगण काढू. एका थरावर आकाश आणि घर. दुसऱ्यावर बाज. तिसऱ्यावर बंडू. चौथ्यावर शेळीचं धड, पाचव्यावर तिचं डोकं आणि सहाव्यावर जबडा. घर एकदाच रंगवायचं, पण चारही चौकटींत वापरायचं. तेही चौकटीपेक्षा बरंच रुंद काढायचं, म्हणजे कधी दारासमोरून तर कधी कुंपणाच्या बाजूने दाखवता येतं.

आणखी एक सोय आहे, तिचं नाव ‘अनियन स्किन’. शेळीचं नवं चित्र काढताना तिचं आधीचं चित्र खाली फिकट रंगात दिसत राहतं. शिंगं आधी केवढी होती, दाढी कुठवर आली होती, सगळं डोळ्यांसमोर. कॉमिक काढताना फार जणांची पंचाईत इथेच होते. पहिल्या चौकटीतला बंडू चौथ्या चौकटीत भलताच कुणीतरी दिसायला लागतो! फिकट सावली खाली असली की बंडू बंडूच राहतो.

हे एकट्याने करणारी माणसंही आहेत. फ्रान्सचे डेव्हिड रेव्हॉय २०१४ पासून क्रिटावर ‘पेपर अँड कॅरट’ हे कॉमिक काढतात. पेपर ही छोटी चेटकीण आणि कॅरट तिचं मांजर. रेव्हॉय आपली चित्रं थरांसकट सगळ्यांना खुली देतात. नाव दिलं की कुणीही ती वापरावी. त्यामुळे काय झालं, फ्रान्समध्ये त्यांची छापील पुस्तकं निघाली आणि रशियातल्या मोरेव्हना प्रोजेक्टच्या मंडळींनी त्याच चित्रांचं ॲनिमेशनही केलं. एकाच मांजराने कागदावर आणि पडद्यावर दोन्हीकडे उड्या मारल्या!

कोणता क्षण ठेवायचा?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. कॉमिकसाठी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर कशाला? कारण त्यात वेळ पुढे-मागे सरकवता येतो!

पडद्याच्या खालच्या बाजूला एक लांब पट्टी असते, ‘टाइमलाइन’. तिच्यावर शेळीची उडी चोवीस फ्रेममध्ये मांडा आणि हळूहळू सरकत जा. पहिल्या फ्रेममध्ये ती खाली दबलीय. सातव्या फ्रेमला मागचे पाय ताणलेत. बाराव्या फ्रेमला ती हवेत. अठराव्या फ्रेमला पुढचे खूर बाजेला टेकताहेत. समजा, यातली एकच फ्रेम कॉमिकमध्ये घ्यायची आहे. कोणती घ्याल?

बाराव्या फ्रेममध्ये शेळी हवेत आडवी आहे. ती उडी मारतेय की कुणी तिला दोरीने टांगलंय, ते कळत नाही! सातव्या फ्रेममध्ये मात्र पाय इतके ताणलेले आहेत, की बघणाऱ्याच्या मनात उडी आपोआप पूर्ण होते. बहुतेक वेळा हालचाल सुरू होतानाचा किंवा संपतानाचा क्षण मधल्या क्षणापेक्षा जास्त बोलतो. एक एक फ्रेम सरकवत बघा, तुमचं तुम्हालाच कळेल.

बंडूचं पळणं दाखवायचंय? मग तीन फ्रेम घ्या, वेगवेगळ्या थरांवर एकावर एक ठेवा आणि मागच्या दोन फिकट करा. एकाच चौकटीत बंडूला सहा पाय आले, पण वाचणाऱ्याला दिसतो फक्त वेग! एटिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात असंच काही केलं होतं. उडणाऱ्या पक्ष्याचे एकापाठोपाठ एक क्षण त्याने एकाच फोटोत पकडले.

ॲनिमेशन करणारा सगळे क्षण काढतो. कॉमिक करणारा त्यातले बहुतेक सोडून देतो आणि मोजकेच ठेवतो. आपण शेळीच्या चघळण्याची चोवीस चित्रं काढली आणि ठेवलं फक्त एक. बाकीची तेवीस वाया गेली का? मुळीच नाही. ती बघितली म्हणून तर चोविसातलं सगळ्यांत बोलकं चित्र सापडलं.

पडद्यावर मोठं, कागदावर पोस्टकार्ड

चला, आता छापूया. इथे कॉम्प्युटर आपल्याला पहिला धक्का देतो.

पडद्यावरचं चित्र रंगीत चौकोनी कणांचं असतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये १९२० आडवे आणि १०८० उभे पिक्सेल असतात, म्हणजे एकूण वीस लाखांहून जास्त. ऐकायला केवढे वाटतात! पण छपाई चांगली यायची तर कागदाच्या प्रत्येक इंचात ३०० पिक्सेल लागतात. करा भागाकार. १९२० भागिले ३०० म्हणजे ६.४ इंच. १०८० भागिले ३०० म्हणजे ३.६ इंच. भिंतीएवढ्या टीव्हीवर झकास दिसणारं चित्र कागदावर आलं की जेमतेम पोस्टकार्डाएवढं!

ते ओढून ताणून मोठं केलं तर? शेळीच्या शिंगांना जिन्यासारख्या पायऱ्या पडतात. म्हणून कॉमिक छापायचं असेल तर पहिली रेघ ओढायच्या आधीच पान मोठं घ्यायचं. ए४ कागदासाठी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. हे फुल एचडीच्या चौपटीहून जास्त झाले.

काही रेघा मात्र कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. त्यांना ‘व्हेक्टर’ म्हणतात. त्यात कॉम्प्युटर कण साठवत नाही, गणित साठवतो : इथून निघ, असं वळ, तिथे पोच. चित्र मोठं केलं की तो तेच गणित पुन्हा करतो आणि रेघ नव्याने, गुळगुळीत ओढतो. अशा वळणांचं गणित १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत पक्कं झालं. पियेर बेझिए हे रेनो कंपनीतले इंजिनिअर. गाडीच्या पत्र्याला सुबक वळण द्यायला त्यांना ते हवं होतं. आज तुमच्या कॉमिकमधला बोलण्याचा फुगा आणि त्यातलं ‘आलो गं आई!’ हे त्याच गणितावर उभं राहतं.

फुग्याबद्दल एक सूचना. आपल्या देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार. म्हणून दोन ओळींत जागा मोकळी सोडा. नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेशी भांडायला लागतो!

भिंगातून बघा, चार रंग सापडतील

दुसरा धक्का रंगांचा. पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश मिसळून तो सगळे रंग करतो. तिन्ही एकदम लावले की पांढरा. कागद मात्र स्वतः प्रकाश देत नाही. खोलीतला उजेड त्याच्यावर पडतो, शाई त्यातला काही भाग गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून छापखान्याच्या शाया वेगळ्या : आकाशी निळसर सायन, गडद गुलाबी मजेंटा, पिवळा आणि काळा. पडद्यावर झगमगणारं हिरवंगार गवत कागदावर थोडं मलूल होतं, कारण तेवढा लखलखाट शाईला जमतच नाही. क्रिटामध्ये हा फरक छापण्याआधीच बघता येतो.

मग चारच शायांतून बंडूचा गव्हाळ रंग कुठून येतो? ज्या छापील रंगीत मासिकात फोटो असतील ते घ्या आणि भिंगातून बघा. तिथे गव्हाळ रंग नाहीच! आहेत ते फक्त इवलेसे ठिपके : गुलाबी, पिवळे, थोडे निळसर, मधूनच काळे. ठिपक्यांच्या रांगोळीसारखी ही बारीक नक्षी पानभर पसरलेली असते. चांगल्या मासिकात एका इंचात ठिपक्यांच्या साधारण १५० ओळी असतात. दोन ओळींमधलं अंतर मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढं. ते डोळ्याला वेगळं दिसत नाही, म्हणून रंग एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. आणि आता ३०० चं कोडंही सुटलं : ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीमागे दोन पिक्सेल, म्हणून १५० ची दुप्पट.

ठिपक्यांच्या ओळी चारही रंगांत एकाच दिशेने घेतल्या तर पानभर विचित्र लाटा उमटू शकतात. करून पाहा. मच्छरदाणीच्या कापडाचे दोन पदर एकावर एक ठेवा आणि वरचा हळूच फिरवा. लाटा दिसल्या? त्या टाळायला प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात ठेवतात. काळा ४५ अंशांत, मजेंटा ७५ अंशांत, सायन १५ अंशांत. पिवळ्याला शून्य अंश मिळतो. तिथे जाळी डोळ्याला पटकन दिसते, पण पिवळा इतका फिका असतो की त्याची जाळी कुणाच्या लक्षात येत नाही!

ऑफसेट छपाईच्या यंत्रात प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते. कागद चारही रंगांखालून जातो. एखादी प्लेट केसभर जरी सरकली, तरी शेळीच्या कडेला गुलाबी सावली दिसते. म्हणून पानाच्या बाहेर, कापल्या जाणाऱ्या भागात, बारीक फुल्या छापतात. चारही रंगांच्या फुल्या एकावर एक बसल्या की काम जमलं. बघा, मॅकेच्या फुल्या इथे भेटल्या की नाही! याच कारणासाठी फुग्यातली अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवायची. चार रंगांत छापली आणि प्लेट हलली तर अक्षरं धूसर होतात.

एका माणसात दोन्ही

चित्र छापणं आणि चित्र हलवणं, हे दोन्ही वेड असलेला एक माणूस आपल्याकडेही होऊन गेला. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट त्यांनी १९१३ साली काढला, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण त्याआधी ते छपाईत मुरलेले होते. राजा रविवर्मांनी सुरू केलेल्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं होतं. तिथे रंगीत चित्र दगडांवरून छापत आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. पुढे दादासाहेबांनी स्वतःचा छापखानाही काढला.

सिनेमा शिकून आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडा थोडा चित्रित केला. पडद्यावर अंकुर भराभर वर आला! १९१५ च्या सुमाराला त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. आगपेटीतल्या काड्या जराशा सरकवायच्या, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायच्या. कॉम्प्युटर नव्हता, टाइमलाइन नव्हती. क्षण कसा निवडायचा हे मात्र पक्कं माहीत होतं.

तुमचं पुस्तक, एका कागदाचं

आता तुमची पाळी. छापखाना नसला तरी चालेल. ए४ कागद, पेन्सिल आणि कात्री पुरे.

१. कागद आडवा ठेवा. उभ्या तीन आणि आडवी एक घडी घालून आठ सारखे चौकोन पाडा.

२. कागद पूर्ण उघडा. मधल्या आडव्या घडीवर, फक्त मधल्या दोन उभ्या रांगांपुरती चीर द्या. कडेचे चौकोन कापू नका.

३. कागद लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. मधली चीर उघडेल आणि चार पानं फुलीसारखी उभी राहतील. ती एका बाजूला वळवली की आठ पानांचं पुस्तक तयार!

४. पानांवर एक ते आठ आकडे घाला आणि कागद पुन्हा उघडा. अरेच्चा! अर्धे आकडे उलटे! खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ आणि वरच्या ओळीत उलटे ५, ४, ३, २. छापखान्यातही पानं अशीच उलटसुलट मांडतात, म्हणजे घडी घातल्यावर ती ओळीने येतात.

५. ही मांडणी कॉम्प्युटरवर केली आणि साध्या प्रिंटरवर एका बाजूने छापली, की वर्गातल्या सगळ्यांना एकेक प्रत देता येईल. प्रिंटर कडेला थोडी जागा कोरी सोडतो, म्हणून अक्षरं कडेपासून लांब ठेवा.

आणि एक खास युक्ती. मोठा धक्का नेहमी पान उलटल्यावर दिसेल असा ठेवा, म्हणजे दोन, चार किंवा सहा नंबरच्या पानावर. शेजारच्या पानावर ठेवलात तर वाचणाऱ्याचे डोळे चोरून आधीच तिथे पोचतात.

सॉफ्टवेअर, शाई, यंत्र ही सगळी आपापलं काम चोख करतात. तरी दोन फ्रेमच्या मधली हालचाल, दोन ठिपक्यांच्या मधला रंग आणि दोन चौकटींच्या मधली गोष्ट यांतलं काहीच कागदावर किंवा पडद्यावर नसतं. ते बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होतं. म्हणून चांगलं कॉमिक करणारा आपल्या वाचकावर विश्वास टाकतो आणि थोडं काम त्याच्यासाठी राखून ठेवतो. तेव्हा आठ पानं पाडून झाली, की कोणती चित्रं काढायची याच्या आधी हे ठरवा : तुमच्या गोष्टीतला कोणता क्षण तुम्ही काढणार नाही? मग तेवढी जागा मोकळी सोडा आणि पुस्तक मैत्रिणीच्या हातात द्या. तिला तिथे काय दिसलं, ते नक्की विचारा.